कावळा हाकलायचा नाही ते पंधरा दिवस

यंदा मी वांगी लावली नाहीत. मागच्या भिंतीजवळचा तो वाफा रिकामाच ठेवला होता. त्यात आपोआप तेरडा आला, गुलाबी आणि पांढरा. सकाळी आठच्या सुमारास त्यावर भुंगे येतात. त्यांचे फोटो मी काढते. फूल थांबतं, भुंगा थांबत नाही, एवढं मला आता कळतं.

भाद्रपद उतरणीला लागला की रायपूरचं ऊन बदलतं. पाऊस थकलेला असतो, पण गेलेला नसतो. सकाळी जमीन ओली, दुपारी अंगाला चिकटणारी उष्णता. सरडे भिंतीवर चढून मान लाल करतात. गोकर्णाच्या वेलाला निळं फूल आणि वाळलेली शेंग एकाच वेळी दिसते. आणि याच दिवसांत प्रकाश, माझा मुलगा, गोल बाजारातून एक पिशवी आणतो. पत्रावळी, काळे तीळ, दर्भ. पिशवी तो मागच्या ओट्यावर ठेवतो आणि हात धुतो. ती पिशवी पाहिली की मी अजून आधी मागच्या भिंतीकडे बघते. दुःखाने नाही, मागच्या वर्षीचे पंधरा दिवस आठवून.

फोटोंचं खूळ मला म्हातारपणी लागलं. प्रकाशने नवा मोबाइल घेतला आणि जुना माझ्याकडे आला. त्याची काच एका कोपऱ्यात तडकली आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. बटणांवर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचता येत नाही, कुठे दाबायचं ते लक्षात ठेवते. पहिले सहा महिने माझा अंगठाच फोटोत यायचा. मग कळलं की श्वास सोडताना दाबू नये, आणि हात हलत असेल तर कोपर पोटाला लावावं. लाल लुगड्याला पक्षी बिचकतात, म्हणून विटक्या हिरव्या रंगाचं एक लुगडं बागेसाठीच ठेवलं. जास्वंद, कर्दळ, लिंबावरची अळी, टाकीवरची खार, एकदा मुंगूस. सगळं घरच्या ग्रुपवर टाकते. लोक हात जोडलेलं चित्र पाठवतात. फुलाला हात काय जोडायचे, मला समजत नाही, पण बरं वाटतं.

आमचे यजमान रेल्वेत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच नोकरी धरली, कावळे हाकलायची. मी गच्चीवर मुगाच्या वड्या घालायची आणि ते खुर्ची टाकून बसायचे. हातात लांब बांबू, टोकाला फाटक्या बनियनची चिंधी. कावळा दिसला की ओरडायचे, "हाड! निघ इथून, चोट्टा कुठला!" रस्त्यावरची माणसं वर बघायची. मी म्हणायची, एवढा राग माणसावर काढा. ते म्हणायचे, माणसं वड्या नेत नाहीत.

ते श्रावणात गेले. दहाव्याच्या दिवशी घाटावर कावळा पिंडाला शिवला नाही. मी तिथे नव्हते, बायकांनी जायचं नसतं. पण जे झालं ते मला तिघांनी तीन वेळा सांगितलं. पिंड मांडून सगळे दूर उभे राहिले. कावळे झाडावर होते, खाली येईनात. मग नेहमीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन वचनं दिली. घर विकणार नाही. आईले पाहू. कमलआत्याचं येणं-जाणं ठेवू. तासाभराने भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला. सगळे घरी येऊन जेवले. प्रकाश जेवला नाही.

मला त्याचं काही वाटलं नव्हतं. जन्मभर ज्यांना बांबू दाखवला ते कशाला येतील? पण हे मी प्रकाशला बोलले नाही. बोलायला हवं होतं, पुढचं कदाचित टळलं असतं.

मागच्या श्रावणात वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरचा तो पहिला पितृपक्ष. त्यांची तिथी अष्टमी. गौरी गेल्या त्या दिवसापासून प्रकाशने तयारी सुरू केली. सकाळी नवा रायपूरला ऑफिसला निघण्याआधी तो मागच्या भिंतीवर शिळी पोळी आणि शेव टाकायचा आणि "काव काव" करायचा. चाळिशी ओलांडलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट घातलेला, भिंतीकडे तोंड करून काव काव करतो. सूनबाई मीना स्वयंपाकघरातून हसायची.

"अरे, काय करून राहिला तू?" मी विचारलं.

"सवय लावून राहिलो. अष्टमीले आले पाहिजेत."

"कावळ्याले तिथी समजते का?"

"समजत नाही म्हणूनच तर आतापासून."

युक्ती चांगली होती. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कावळे उरले नव्हते, मोठी झाडं तुटली आणि गेले. तिसऱ्या दिवशी एक आला, पाचव्या दिवशी दोन. मग ते आठ वाजता त्याच्याआधी येऊन बसू लागले. एकाच्या वरच्या चोचीला चीर होती. त्याचे मी फोटो काढले.

त्याच भिंतीपासून चार हातांवर वांग्याचं झाड होतं. दोन वर्षांचं, माझ्या कमरेच्या वर गेलेलं. गणपती बसले त्याच सुमारास त्यात मला एक पान दुमडलेलं दिसलं. वाटलं कीड आहे, तोडायला हात घातला, तर पानाच्या कडा टाचलेल्या. कापसाचे बारीक टाके, पानाच्या भोकातून ओढून बाहेर गाठ मारल्यासारखे फुलवलेले. आत तीन अंडी, चिंचोक्याहूनही लहान. शिंपी पक्ष्याचं घरटं. आमची कामवाली बिसाहिन, पन्नाशीची, अंगणात झाडू मारता मारता येऊन वाकून बघून गेली. म्हणाली, "दरजिन चिरई आय दाई. हाथ झन लगाबे." दाई म्हणजे आई; हात लावू नको म्हणाली.

मी हात लावला नाही. त्या झाडाची वांगी तोडणंही बंद केलं. ती पिवळी होऊन लटकली. सकाळी स्टूल टाकून दहा पावलांवर बसायची. शिंपीण यायची, शेपूट उभी, डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट. जीव अंगठ्याएवढा आणि आवाज सायकलच्या घंटीसारखा. अनंत चतुर्दशीच्या सुमारास पिल्लं निघाली. मग नर आणि मादी दोघंही हिरव्या अळ्या घेऊन फेऱ्या मारू लागले. माझ्या फोटोंत फक्त पान यायचं आणि पानातून बाहेर आलेलं शेपूट.

ते फोटो ग्रुपवर गेले आणि नागपूरहून कमलबाईंचा फोन आला. कमलबाई म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण.

"वहिनी, शेपूट काय दाखवतेस वो? पिल्लं दाखव ना!"

"पानाच्या आत आहेत. दिसत नाहीत."

"मग पान जरासं बाजूले कर. तुले काय सांगावं लागते का?"

मला सांगावं लागलं नाही. मनात तेच होतं. पितृपक्षाची तृतीया होती. शिंपीण उडून गेल्यावर मी पुढे गेले. घरट्यावर झुकलेलं मोठं पान उचललं आणि सुतळीने मागच्या फांदीला बांधलं. घरट्याचं तोंडही एका बोटाने थोडं मोकळं केलं. एक टाका सुटला. आत तीन चोची, पिवळ्या, उघड्या. कोपर पोटाला लावून, श्वास धरून फोटो काढला. तसा फोटो मी आधी कधी काढला नव्हता आणि नंतरही काढला नाही. घरात नेऊन दाखवला, मीनाने चष्मा लावून पाहिला. ग्रुपवर सगळे बोलले. जे कधी बोलत नाहीत तेही बोलले. मी दुपारभर ते वाचत बसले. सुतळी सोडायची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश शेव टाकून गेला. मी चहा गाळत होते. शिंपिणीचा आवाज आला, पण रोजचा नाही, न थांबता एकसारखा. मी बाहेर आले तर चिरलेल्या चोचीचा कावळा वांग्यावर होता. झाड त्याच्या वजनाने वाकलं होतं. मला पाहून तो भिंतीवर गेला. चोचीत काहीतरी होतं, शेव नव्हती.

घरट्यात दोन उरली होती.

बिसाहिनने सुतळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "तैं बाँधे हस, दाई?" तू बांधलीस का, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती पुन्हा झाडू मारू लागली. ती दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

सुतळी सोडली, पण पान दिवसभर ताणून धरल्याने देठाशी मुरगळलं होतं. ते पुन्हा झाकलं जाईना, नुसतं लोंबलं. भिंतीवरून घरट्याचं तोंड सरळ दिसत होतं. मी जुनी छत्री झाडावर उघडून ठेवली. शिंपीण छत्रीखाली येईना. तारेवर बसून ओरडत राहिली, चोचीतली अळी तशीच. अर्धा तास बघितलं आणि छत्री काढली. मग सुई-दोरा आणला. पन्नास वर्षं मी ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल लावले, एवढं जमेल असं वाटलं. शेजारचं एक चांगलं पान ओढून लोंबणाऱ्या पानाच्या जागी चार टाक्यांनी टाचलं. ओबडधोबड झालं, दोन ठिकाणी पान फाटलं. पण शिंपीण आली. माझ्या टाक्यांखालून आत शिरली.

झाकलं गेलं होतं, पण कावळ्याला जागा कळली होती. तो आता शेव संपल्यावरही जात नव्हता. भिंतीवर बसायचा, मान वाकडी करून वांग्याकडे बघायचा. आणि मला त्याला हाकलता येत नव्हतं. इतर दिवशी दगड मारला असता. पण पक्षाचे पंधरा दिवस कावळ्याला हाकलत नाहीत. कोणाच्या रूपाने कोण आलं असेल, सांगता येत नाही म्हणतात. मी मानते की नाही, ते सोडा. जन्मभर पाळलेलं असतं, हातच उचलत नाही. मग मी मध्ये उभी राहायची. सकाळी सहापासून वांगं आणि भिंत यांच्यामध्ये. चहा मीना तिथेच आणून द्यायची. पाय सुजले. ते दिवस आठवले की फुलं आठवत नाहीत, भिंतीवर नखांचा होणारा खरखर आवाज आठवतो.

प्रकाशला सप्तमीच्या संध्याकाळी सांगितलं. कमलबाई दुपारीच गाडीने आल्या होत्या, ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या.

"उद्याचं पान गच्चीवर ठेव," मी म्हटलं.

"गच्चीवर काहून? कावळे भिंतीवर येतात."

"म्हणूनच. इथं पिल्लं आहेत. एक गेलं. दोन-तीन दिवसांत बाकीची उडतील, तोवर इथं काही नको टाकू."

 चिडला की तो हिंदीत जातो, तसा हिंदीत बोलला. "मम्मी, पंद्रह दिन से मैं पागल हूँ क्या?" आणि पुन्हा मराठीत, हळू, "घाटावर तू नव्हती. मी होतो. सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते. तुले बाबांपेक्षा ती चिमणी मोठी झाली का?"

"तुझ्या बाबाले आता भूक नाही," मी म्हटलं. "त्या पिल्लाले आहे."

कमलबाईंचे हात थांबले. प्रकाश उठून आत गेला. बोललेलं खरं होतं, पण मुलाला असं बोलायचं नसतं हेही खरं.  मी कमलबाईंपुढची गवार ओढून मोडायला घेतली.

अष्टमीला सकाळपासून घरात तळणाचा वास. वडे, खीर, कढी, लाल भोपळा, गवार, आमसुलाची चटणी. वांगं श्राद्धाला चालत नाही, त्यामुळे त्या झाडाकडे कोणी फिरकलं नाही. तर्पण आटोपून भटजी पुढच्या घरी गेले. बारा वाजता प्रकाश पत्रावळीवर सगळं वाढून घेऊन आला. धोतर नेसलेला, कपाळावर गंध. माझ्याकडे न बघता मागच्या दारातून गेला आणि पान भिंतीवर ठेवलं.

आम्ही सगळे ओट्यावर.  ऊन असं की भिंतीचा चुना डोळ्यांत खुपत होता. शिंपीण अळी घेऊन तारेवर थांबली होती, माणसं पाहून खाली येत नव्हती. पिल्लं आत भुकेने चिवचिवत होती. पानात आहोत हे त्यांनी सगळ्या पाऱ्याला सांगायचं ठरवलं होतं जणू.

कावळे आले. दोन. प्रकाशने हात जोडले.  दुसरा कावळा शेजारच्या पत्र्यावर बसला. चिरलेल्या चोचीचा पानाजवळ उतरला. वडा पाहिला. खीर पाहिली. मग चिवचिव ऐकून मान वळवली. पानाला पाठ करून तो भिंतीवरून दोन उड्या इकडे आला. वांग्याच्या दिशेने. तिसरी उडी घेतली की झाडावर.

दाराआड यांचा बांबू होता, चिंधी अजून टोकाला. मी तो कधी उचलला ते मला आठवत नाही. प्रकाश ओरडला, "आई, नको!"

"हाड!" मी ओरडले. "निघ, चोट्टा कुठला!"

बांबू भिंतीवर आपटला. पत्रावळ हादरली, कढी सांडली. दोन्ही कावळे उडाले, पार रस्त्यापलीकडे उरलेल्या पिंपळाकडे गेले. नवऱ्याच्या श्राद्धाचा कावळा बायकोनेच हाकलला, असं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या हाताने केलं.

 मग कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या, रडतही होत्या. "बाप्पा रे," त्या म्हणाल्या, "दादाच बोलला जसा. तो असता ना, तर त्यानं पहिले बांबू उचलला असता."

प्रकाश हसला नाही. त्याने पान उचललं, सांडलेली कढी बोटाने पुसली आणि गच्चीचा जिना चढला. अडीच-तीन तास तो वर उभा होता. खालून त्याची काव काव ऐकू येत होती, आधी मोठ्याने, मग कमी. तीन वाजता पान वरच ठेवून खाली आला. "जेवून घ्या," म्हणाला. सगळे जेवले. तो दोन घास खाऊन उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी गच्चीवर गेले. गुडघे दुखत होते, तरी गेले. पत्रावळ तिथेच होती. खीर मुंग्यांनी धरली होती. वडे दोन ठेवले होते, त्यातला एक नव्हता. दुसरा टाकीवर होता. मी बघितलं. मागून प्रकाशची चाहूल लागली, तसं टाकीसमोर उभी राहिले.

"आला होता का?" त्याने विचारलं.

"आला होता."

"कावळा?"

"मग काय? वडा घेऊन गेला."

"तू पाह्यला?"

"पाह्यला."

तो पत्रावळीकडे बघत राहिला. "फोटो काढला का?"

"मोबाइल खाली राहिला," मी म्हटलं.

त्याने तोंड फिरवलं. पाठ बराच वेळ माझ्याकडे होती. मग नाक शिंकरून खाली गेला. त्या दिवशी त्याने ऑफिसला जाण्याआधी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. भिंतीवर शेव टाकली नाही.

पिल्लं तीन दिवसांनी उडाली. आधी एक, मग संध्याकाळी दुसरं. ती उडाली तेव्हा मी मोबाइल घेऊन बसले नव्हते, भाजी निवडत होते. झाड पुढे पौषात वाळलं, उपटून टाकलं. माझे चार टाके पानावर तसेच होते, काळ्या दोऱ्याचे. शिंपिणीचे पांढरे कधीच सुटले होते. तीन चोचींचा तो फोटो मी पुसला नाही. चांगला फोटो आहे. एका पिल्लाचा जीव गेला त्याच्यात, म्हणून तो वाईट होत नाही. वाईट मी केलं.

यंदा पुन्हा पिशवी ओट्यावर आहे. काल प्रकाश म्हणाला, "आई, यंदा पान सरळ गच्चीवरच नेऊ. बाबा तिथंच येतात." आवाजात चिंता नव्हती. मी हो म्हटलं आणि गवार मोडत राहिले.

प्रकाश मराठी बोलतो. वाचता येतं, पण दोन ओळींच्या पुढे जात नाही, म्हणून इथे लिहिते. त्या सकाळी गच्चीवर मोबाइल माझ्या कमरेला खोचलेला होता. त्याची चाहूल लागायच्या आधीच फोटो काढून झाला होता. फोटोत टाकी आहे, मागे स्वच्छ आभाळ आहे आणि टाकीच्या काठावर खार बसली आहे. दोन्ही हातांत वडा धरून खाते आहे. अंगठा आला नाही, हात हलला नाही. तो फोटो मी ग्रुपवर टाकलेला नाही.